निवृत्त सैनिकांचा आंत्रदाह व रक्तक्षय : वागळे इस्टेटच्या संदर्भात काही विचार

ठाणे व मुलुंड यांच्या सीमेवर वसलेली वागळे इस्टेट ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक आद्य वसाहत होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा उद्घाटन-समारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी याच ठिकाणी झाला. पुढे सहा दशकांत या वसाहतीचे रूप पुष्कळच पालटले. यंत्रसामग्रीचे, रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने हलले वा बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. एक गोष्ट मात्र पालटली नाही. कारखाना असो वा कचेरी, तिच्या फाटकाशी एक पहारेकरी उभा असतो, आणि त्या पहारेकऱ्यांत निवृत्त सैनिकांचा भरणा असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर व कोकण या भागांतून पिढ्यानपिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. पंधरा वर्षांची सेवा पुरी होऊन निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो, तेव्हा जवानाचे वय बहुधा पस्तीस-चाळिसाच्या आतबाहेर असते. मुले शाळेत असतात, घर भाड्याचे असते. म्हणून किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर अशा वस्त्यांत बिऱ्हाड करून बारा-बारा तासांच्या पाळीचे काम तो स्वीकारतो. प्रस्तुत लेखाचा विषय अशा मनुष्याच्या रक्ताशी संबंधित आहे.

दवाखान्यात आल्यावर हा मनुष्य सहसा एकच तक्रार सांगतो, ती थकव्याची. जिना चढताना दम लागतो, पाळीच्या उत्तरार्धात पाय जड होतात, बसल्या जागी डोळा लागतो. या तक्रारीला दोन उत्तरे नेहमीच तयार असतात : एक वयाचे आणि दुसरे रात्रपाळीचे. शौचावाटे रक्त जाते असे त्याने संकोचाने सांगितलेच, तर तिसरे उत्तर मिळते, ते मूळव्याधीचे. ही तिन्ही उत्तरे पुष्कळदा खरी असतात, आणि तेथेच खरी अडचण आहे. नेहमी खरे ठरणारे उत्तर एखाद्या वेळी खोटे असेल तर ते ध्यानात येण्यास फार उशीर लागतो. ज्या थोड्या रुग्णांत थकव्याच्या मुळाशी आतड्याचा दीर्घकालीन दाह असतो, त्यांची वर्षे या तीन उत्तरांच्या फेऱ्यात निघून जातात.

आतड्याच्या दीर्घकालीन दाहक विकारांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. यात मोठ्या आतड्याच्या अंतस्त्वचेवर व्रण पडतात व रक्तमिश्रित आव पडते. सॅम्युएल विल्क्स या इंग्रज वैद्याने १८५९ मध्ये त्याचा निर्देश केला. दुसरा क्रोनचा विकार होय. १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी तो वर्णिला. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो, परंतु लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर, म्हणजे शेषांत्रावर, त्याचा रोख अधिक असतो. हे पाश्चात्त्यांचे रोग आहेत, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. लुधियाना येथील वैद्यांनी पंजाबात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ इतके आढळले. हा आकडा युरोपातील काही देशांच्या तुलनेने कमी असला, तरी भारताच्या लोकसंख्येने त्यास गुणिले असता येणारी संख्या लहान नाही.

सैन्याच्या बाबतीत या रोगाची ओळख पटण्यात एक विशेष अडचण आहे. छावणी आणि आमांश यांचे नाते फार जुने आहे. मोहिमेवरच्या सैन्यात शत्रूच्या गोळीइतकीच हगवणीची धास्ती असे. त्यामुळे सेवेत असताना जवानास रक्ती आव झाली की जंतूंचा वा अमीबाचा संसर्ग हेच कारण प्रथम मनात येते, आणि बहुधा ते योग्यही असते. औषधाने आव थांबते, दोन महिन्यांनी परत येते, पुन्हा थांबते. दरम्यान जवानाची बदली झालेली असते व नव्या ठिकाणचा वैद्य नव्याने आरंभ करतो. शिवाय, आपला रोग कागदावर चढला तर ‘शेप-१’ ही आरोग्यश्रेणी जाईल आणि तिच्याबरोबर बढतीही जाईल, ही भीती असतेच. सांगण्यापेक्षा सोसणे बरे, असा हिशेब अशा वेळी केला जातो. सेवेत जडलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, हे या रुग्णांवर उपचार करणाऱ्याने पहिल्याप्रथम जाणून असावे.

आता रक्तक्षयाकडे वळू. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्याचा मोठा हिस्सा तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनमध्ये असून उरलेले मुख्यतः यकृत व प्लीहा येथे साठविलेले असते. निरोगी पुरुषाच्या शरीरातून रोज केवळ एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर जाते व तेवढेच आतड्यातून आत येते. लोह हेतुपुरस्सर बाहेर टाकण्याची कोणतीही यंत्रणा शरीराजवळ नाही, म्हणून सारे नियंत्रण आत घेण्याच्या दारावरच ठेवलेले आहे. या दाराचा रखवालदार म्हणजे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक. त्याचा शोध विसाव्या व एकविसाव्या शतकांच्या संधिकाळी लागला, आणि तोवर कोड्यासारख्या वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. आतड्याच्या पेशींतून व साठ्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन नावाचे एक द्वार असते. हेप्सिडिन ते द्वार बंद करते. लोहाचा साठा वाढला की हेप्सिडिन वाढते, घटला की कमी होते. येथपर्यंत सारे सुरळीत आहे. परंतु शरीरात कोठेही दाह पेटला तरीसुद्धा हेप्सिडिन वाढते. बहुधा जंतूंना लोह मिळू नये यासाठी निसर्गाने केलेली ही योजना असावी. पण जेथे जंतूंचा संबंध नाही अशा दीर्घ दाहात ती शरीरावरच उलटते.

आंत्रदाहाच्या रुग्णावर म्हणून दुहेरी आपत्ती येते. व्रणांतून रक्त झिरपते व त्याबरोबर लोह जाते. ती तूट भरून काढावी तर दाहामुळे हेप्सिडिन चढलेले असते व आतड्याचे दार बंद असते. जे थोडे लोह कोठारात उरलेले असते तेही कुलपात अडकून पडते. रसद संपलेली असावी आणि जी थोडी आहे तिच्या कोठाराची किल्लीही हरवलेली असावी, अशी ही स्थिती आहे. पहिल्या प्रकारास लोहन्यूनतेचा रक्तक्षय व दुसऱ्यास दीर्घव्याधिजन्य रक्तक्षय म्हणतात. पुस्तकांत या दोहोंची प्रकरणे निराळी असली तरी आंत्रदाहाच्या रुग्णात ती एकत्र नांदतात.

निदानातील मुख्य गफलत येथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषाचे हीमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅमच्या खाली, आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय समजावा. हीमोग्लोबिन कमी आढळल्यावर लोहाचा साठा पाहण्यासाठी रक्तातील फेरिटिन मोजतात. निरोगी मनुष्यात ३० मायक्रोग्रॅमहून कमी फेरिटिन म्हणजे साठा रिकामा, हा नियम सरळ आहे. परंतु दाह असताना फेरिटिन स्वतःच वाढते. साठा रिकामा असूनही ते ७० किंवा ८० दिसते, प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बसते आणि अहवालावर ‘योग्य’ असा शेरा येतो. म्हणून सी.आर.पी. वाढलेले असेल, किंवा दाहाची इतर लक्षणे असतील, तर फेरिटिन १०० पर्यंत असले तरी लोहन्यूनता गृहीत धरावी, असे युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिनची संपृक्तता पाहावी. फेरिटिन १०० च्या वर आणि संपृक्तता २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह आहे पण ते कुलपात आहे, असे समजावे. वागळे इस्टेटीतील एखाद्या लहान दवाखान्यात केवळ हीमोग्लोबिन व फेरिटिन या दोन आकड्यांवर निर्णय होत असेल, तर सी.आर.पी. हा तिसरा आकडा जोडल्याने निर्णय पुष्कळदा उलटा फिरेल.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तांबड्या पेशी लहान व फिकट दिसल्या म्हणजे लोहच कमी, असे नव्हे. थॅलसीमियाचा सौम्य, वाहक प्रकार असतानाही पेशी अशाच दिसतात. उल्हासनगर व कल्याण या भागांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या सिंधी समाजात हे वाहक बरेच आढळतात, हे प्रसिद्ध आहे. ठाणे व पालघर येथील आदिवासी समाजांत सिकल पेशींचा दोष आढळतो. अशा मनुष्यास वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देऊनही हीमोग्लोबिन हलत नाही आणि दोष मात्र त्याच्या ‘गोळ्या न घेण्या’वर जातो. हीमोग्लोबिनचे विद्युत्-पृथक्करण किंवा तत्सम चाचणी आयुष्यात एकदा करून ठेविली की हा प्रश्न कायमचा मिटतो. मात्र थॅलसीमियाच्या वाहकासही आंत्रदाह होऊ शकतो व त्याचेही लोह कमी होऊ शकते, हे विसरता कामा नये.

लोहाखेरीज आणखी दोन द्रव्ये रक्तनिर्मितीस लागतात : फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व. यांपैकी पहिल्याच्या शोधाचे धागे मुंबईत गुंतलेले आहेत. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ मध्ये मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेच्या आश्रयाने गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी लहान नसून उलट अवास्तव मोठ्या होत्या. लोहाने हा रक्तक्षय हटत नसे. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, तो हटतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकास काही काळ ‘विल्स घटक’ असेच नाव होते. पुढील दशकात तो फॉलिक अम्ल म्हणून ओळखला गेला. कामगार वस्तीतील रक्तक्षयाकडे केवळ ‘दारिद्र्य’ म्हणून न पाहता त्याच्या प्रत्येक प्रकाराचे कारण निराळे शोधावे, हा धडा मुंबईतच गिरविला गेला होता, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आंत्रदाहाच्या रुग्णास या धड्याची गरज औषधांमुळेही पडते. स्वीडनमधील नान्ना स्वार्त्झ यांच्या प्रयत्नांतून निघालेले सल्फासलाझिन हे औषध अजूनही स्वस्त व उपयुक्त म्हणून पुष्कळ दिले जाते. परंतु ते फॉलिक अम्लाच्या शोषणात अडथळा आणते, आणि क्वचित तांबड्या पेशी फोडते. मेथोट्रेक्झेट फॉलिक अम्लाच्या कार्यास विरोध करते. अझाथायोप्रिन अस्थिमज्जेवर दाब आणू शकते. एन.यू.डी.टी.-१५ या जनुकाचा एक विशिष्ट भेद ज्यांच्यात असतो त्यांना हा धोका अधिक. हा भेद युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत अधिक आढळतो. म्हणून औषध चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वरचेवर रक्त तपासणे हे येथे केवळ उपचार म्हणून करावयाचे काम नव्हे. क्रोनच्या विकारात शेषांत्राचा वीस सेंटीमीटरहून अधिक भाग काढून टाकावा लागला असेल तर ब१२ चे शोषण होणे कठीण. अशा रुग्णास ते इंजेक्शनाने वा मोठ्या मात्रेने दीर्घकाळ द्यावे लागते. मद्यपानाची सवय असल्यास फॉलिक अम्लाची तूट वाढते आणि तांबड्या पेशींचा आकारही मोठा दिसू लागतो. कँटीनच्या रमचा विषय वैद्याने कोरड्या स्वरात, उपदेश न करता विचारला तर उत्तर खरे मिळते.

सैनिकी आयुष्याच्या आणखी काही खुणा या रक्तक्षयात मिसळलेल्या असतात. पाठीवर ओझे घेऊन वर्षानुवर्षे चाललेल्या मनुष्याचे गुडघे व कंबर दुखतात. त्यावर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तो दुकानातून आणून घेतो आणि त्यांना औषधांत धरीतही नाही. या गोळ्या जठरात व आतड्यांत व्रण पाडतात, आणि शांत झालेला आंत्रदाह पुन्हा पेटविण्यासही कारण होऊ शकतात. कोणती औषधे घेता, या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर आले तर, दुखण्यावर काय घेता, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. दुसरी खूण उंचीची आहे. लडाखसारख्या उंच प्रदेशात राहणाऱ्याचे हीमोग्लोबिन विरळ हवेमुळे वाढते व सपाटीवर परतल्यावर काही आठवड्यांत खाली येते. ती घट म्हणजे रोग नव्हे. याउलट, सपाटीवरच्या ठाण्यात असताना ज्याचे हीमोग्लोबिन वर्षानुवर्षे १५.५ होते आणि आता १३.२ आहे, तो व्याख्येने रक्तक्षयी नसला तरी त्याचे काहीतरी हरवले आहे. सैनिकाजवळ एक लाभ असा असतो, की त्याच्या सेवेतील वार्षिक तपासण्यांचे कागद बहुधा जपून ठेवलेले असतात. नागरी रुग्णाजवळ असा मागचा आकडा क्वचितच मिळतो. हे कागद मागून पाहण्याचा प्रघात पडावा.

उपचाराचा विचार करताना सामान्य व्यवहारात लोहाच्या गोळीपासूनच आरंभ होतो. तो चूक नाही. हीमोग्लोबिन थोडेच उतरलेले असेल, दाह शमलेला असेल व पूर्वी गोळ्या पचल्या असतील, तर गोळी पुरेशी आहे. मात्र दिवसाला १०० मिलिग्रॅमहून अधिक मूळ लोह देऊ नये. न शोषलेले लोह मोठ्या आतड्यात जाऊन तेथील सूक्ष्मजंतूंचा तोल बिघडविते आणि पोटदुखी, जुलाब किंवा मलावरोध उत्पन्न करते. एक मात्रा घेतल्यावर हेप्सिडिन सुमारे चोवीस तास चढलेले राहते, असे झुरिच येथील संशोधकांनी २०१५ पासून केलेल्या प्रयोगांत दाखविले. म्हणून दिवसातून दोन-तीनदा गोळी घेण्यापेक्षा एकदाच, किंवा एक दिवसाआड घेतल्यास शोषणाचे प्रमाण वाढते. हे प्रयोग लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर झाले होते. आंत्रदाहाच्या पुरुषांस तेच माप जसेच्या तसे लावता येईल असे नाही, परंतु मात्रा वाढवून लाभ वाढत नाही, हे तत्त्व त्यांनाही लागू पडते. गोळीबरोबर चहा घेऊ नये. पहारेकऱ्याच्या पाळीत चहा किती वेळा होतो हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा गोळीची वेळ चहाच्या वेळांपासून दूर, लिंबू-आवळ्याच्या जवळ ठेवावी. लोहाने मळ काळा होतो, हेही आधी सांगून ठेवावे. एरवी रुग्ण घाबरून गोळी सोडतो, किंवा याच्या उलट, जठरातून होणाऱ्या रक्तस्रावाने आलेला काळेपणा गोळीच्या माथी मारून स्वस्थ बसतो.

दाह चालू असताना गोळी का अपुरी पडते हे आकड्यांनी पाहणे बोधप्रद होईल. समजा, एका माजी जवानाचे वजन ६० किलो व हीमोग्लोबिन ८.५ आहे. किती लोह लागेल हे काढण्याची गान्झोनी यांची रीत अशी : वजनास अपेक्षित व प्रत्यक्ष हीमोग्लोबिनमधील अंतराने गुणावे, त्यास २.४ ने गुणावे आणि साठ्यासाठी ५०० मिळवावे. अपेक्षित हीमोग्लोबिन १५ धरल्यास ६० गुणिले ६.५ गुणिले २.४ म्हणजे ९३६. त्यात ५०० मिळविता १,४३६ मिलिग्रॅम. आता रोज ६० मिलिग्रॅम मूळ लोहाची गोळी घेतली व तिचा दहावा हिस्सा शोषला गेला असे उदारपणे मानले, तर दिवसास ६ मिलिग्रॅम मिळतात. तूट भरण्यास २३९ दिवस, म्हणजे सुमारे आठ महिने लागतील. परंतु व्रणांतून रोज १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे रक्त जात असेल, तर त्या रक्तातील ०.८५ ग्रॅम हीमोग्लोबिनबरोबर सुमारे ३ मिलिग्रॅम लोह जाते. मिळकत निम्मी झाली आणि मुदत सव्वा वर्षाच्या पलीकडे गेली. शिवाय दाहामुळे शोषण दहाव्या हिश्शापर्यंतही पोहोचत नाही. ‘वर्षभर गोळ्या घेतल्या, काही फरक नाही’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो.

म्हणूनच दाह चालू असताना, हीमोग्लोबिन १० च्या खाली असताना किंवा गोळी सोसत नसताना लोह शिरेतून द्यावे, असे युरोपीय संघटनेचे मत आहे. तिच्या सोप्या कोष्टकानुसार हीमोग्लोबिन ७ ते १० च्या दरम्यान व वजन ७० किलोच्या आत असल्यास एकूण १,५०० मिलिग्रॅम, आणि वजन त्याहून अधिक असल्यास २,००० मिलिग्रॅम द्यावे. हीमोग्लोबिन १० च्या वर असल्यास हेच आकडे १,००० व १,५०० होतात. वरील उदाहरणातील उत्तर कोष्टकाशी जवळजवळ जुळते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. शिरेतून दिलेले लोह आतड्याचे बंद दार टाळून जाते. चार आठवड्यांत हीमोग्लोबिन २ ग्रॅमने वाढल्यास उपचार लागू पडला असे मानतात.

येथे औषधाच्या निवडीचा प्रश्न येतो, आणि तो केवळ वैद्यकीय नाही. आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, परंतु एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देता येते. म्हणजे १,५०० मिलिग्रॅमसाठी सात-आठ खेपा. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज महाग आहे, परंतु एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. आठवड्याच्या अंतराने दोन खेपांत काम होते. रोजंदारीच्या हिशेबाने काम करणाऱ्या पहारेकऱ्याची सात-आठ दिवसांची मजुरी स्वस्त औषधाच्या किमतीत मिळविली, की ते औषध स्वस्त राहते किंवा नाही, हे प्रत्येक वेळी कागदावर मांडून पाहण्याजोगे आहे. मात्र कार्बॉक्सिमाल्टोजचा एक दोष लक्षात ठेवावा लागतो. त्याने मूत्रावाटे फॉस्फेट अधिक जाऊ लागते व रक्तातील फॉस्फेट उतरते. परिणामी स्नायू दुर्बळ होतात आणि थकवा येतो. हीमोग्लोबिन १३ झाले तरी थकवा जात नाही, असे रुग्ण सांगू लागला तर फॉस्फेट मोजावे. ज्यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे त्यांची हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. अशांच्या बाबतीत वारंवार मात्रा देताना हा विचार विशेष करावा. कोणतेही लोह शिरेतून देताना तीव्र प्रतिक्रिया उद्भवण्याचा संभव अल्प असला तरी असतो. म्हणून ते साधनसामग्री असलेल्या ठिकाणीच द्यावे व नंतर अर्धा तास रुग्णास बसवून ठेवावे. अंगात जंतुसंसर्गाचा ज्वर असताना ते देऊ नये.

हे उपचार कोठे मिळावयाचे, हाही विषयाचाच भाग आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून अस्तित्वात आहे. तिच्या बहुविध चिकित्सालयांतून पुढे लष्करी वा मान्यताप्राप्त रुग्णालयांकडे रुग्ण पाठविला जातो. मुंबईत कुलाब्याचे आश्विनी हे नौदलाचे रुग्णालय व पुण्यातील लष्करी रुग्णालय ही मोठी स्थाने होत. ज्याची सेवा अल्प असून निवृत्तिवेतन नाही, त्यास हे द्वार सामान्यतः खुले नाही. दुसरीकडे १९४८ च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना आहे, आणि ठाण्याचे कामगार विमा रुग्णालय वागळे इस्टेटीतच उभारण्यात आले. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये ठेवण्यात आली. पात्र विमेदारास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख लाभ मिळतो. तिसरे स्थान म्हणजे ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. एकाच रुग्णाचे आतडे एका ठिकाणी पाहिले गेले, रक्त दुसऱ्या ठिकाणी तपासले गेले आणि लोह तिसऱ्या ठिकाणी टोचले गेले, असे घडू शकते. मग पूर्वी एकूण किती लोह दिले याचा आकडा कोणाजवळच राहत नाही. तो आकडा तारखेसह रुग्णाच्याच वहीत लिहून देणे हा यावरील साधा उपाय आहे, आणि शिस्तीत वाढलेला हा रुग्णवर्ग अशी वही इतर कोणाहीपेक्षा चांगली सांभाळतो.

लोह भरले म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. ऑक्सफर्ड येथील ट्रुलव्ह व विट्स यांनी १९५५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसची तीव्रता ठरविण्याचे जे निकष मांडले, त्यांत शौचाची संख्या, ज्वर व नाडी यांच्याबरोबर हीमोग्लोबिनही होते. रक्तक्षय हा रोगाच्या धगीचा मापक आहे, हे त्यांनी ओळखले होते. दाह न शमविता लोह ओतणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. मेसालामाइन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन व त्यांच्या पुढची जैविक औषधे ही दाहासाठी आहेत, आणि दाह उतरला की कित्येकदा हीमोग्लोबिन आपोआप चढू लागते. जैविक औषधांपैकी टी.एन.एफ.-विरोधी औषधे देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी भारतात अपरिहार्य आहे. त्याहून मागे जाऊन, शेषांत्रातील व्रण क्रोनचे की आतड्याच्या क्षयाचे, हा प्रश्न आपल्या देशात प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो. दोन्हींत ज्वर, वजनातील घट व रक्तक्षय सारखाच दिसतो आणि एकाचे औषध दुसऱ्यास घातक ठरू शकते. रक्त चढविण्याचा मार्ग हीमोग्लोबिन ७ च्या खाली गेले असता, अथवा हृदयविकारासारखे कारण असता राखून ठेवावा. एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते; ते तूट भरण्यास अपुरे असल्याने रक्त चढविल्यानंतरही लोहाचा हिशेब पुरा करावाच लागतो.

उपचार पुरा झाल्यावर रोग शांत असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, चालू असेल तर निदान दर तीन महिन्यांनी हीमोग्लोबिन, फेरिटिन व सी.आर.पी. पाहावे. फेरिटिन पुन्हा १०० च्या खाली आले, तर हीमोग्लोबिन उतरण्याची वाट न पाहता लोह द्यावे. पुन:पुन्हा देऊनही ते टिकत नसेल, तर रक्त कोठून तरी जात आहे, असा त्याचा अर्थ असतो. मोठ्या आतड्याचा दाह आठ वर्षांहून जुना झाल्यावर तेथे कर्करोगाचा संभव वाढतो, म्हणून तेव्हापासून दुर्बिणीने नियमित तपासणी सांगितलेली आहे. सेवेच्या दहाव्या वर्षी ज्याला पहिली रक्ती आव झाली आणि आज जो पंचेचाळिसाव्या वर्षी फाटकावर उभा आहे, त्याच्या बाबतीत ही आठ वर्षे रोगाचे नाव कागदावर लिहिले गेले त्या दिवसापासून मोजावयाची नसून त्या पहिल्या आवेपासून मोजावयाची आहेत.